फरसापळ्याचा उद्योग : नवागतांस काही सूचना

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात नोकरीनिमित्त स्थायिक झालेला आणि पुढे टोरोंटोची गजबज सोडून सडबरी, थंडर बे किंवा नॉर्थ बे अशा उत्तरेकडील गावी वस्तीस गेलेला मराठी गृहस्थ पहिले दोनतीन हिवाळे बहुधा खिडकीच्या काचेआडूनच काढतो; आणि मग केव्हातरी एखाद्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये वर्तुळाकार ताणून ठोकलेले बीव्हरचे कातडे त्याच्या दृष्टीस पडले, म्हणजे गोठलेल्या तळ्यांच्या या मुलखात भर हिवाळ्यात घराबाहेर राहून चालणारा एक जुना उद्योग अद्यापि जिवंत आहे, याचा त्यास प्रथमच बोध होतो. अशा वाचकांपैकी ज्यांस हा उद्योग स्वतः करून पाहण्याची जिज्ञासा असेल, त्यांच्यासाठी प्रस्तुत लेख आहे. ज्यांस प्राणिहत्या तत्त्वतःच अमान्य आहे त्यांचे मन वळविण्याचा खटाटोप मी करणार नाही. त्यांची भूमिका आदरास पात्र आहे आणि त्यांनी हे पान उलटून पुढील लेखाकडे वळावे, यातच उभयतांचे हित आहे.

प्रारंभीच एक इशारा देणे अवश्य आहे. येथे जे सांगितले जाईल ते कॅनडाच्या भूमीपुरतेच लागू आहे. त्यातील अक्षरही महाराष्ट्रात किंवा गोव्यात आचरणात आणावयाचे नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीच्या व्याख्येत फास घालणे व सापळा लावणे यांचाही समावेश केलेला आहे, आणि फासे व वागुरा यांवर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उदरनिर्वाह केला त्या फासेपारध्यांनासुद्धा तो मार्ग बंद झालेला आहे. त्यांच्या डोक्यावरील जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली कागदोपत्री पुसला गेला; परंतु त्यांच्या अंगच्या अरण्यविद्येला दुसरे मानाचे काम मात्र आपण अद्यापि पुरेसे देऊ शकलो नाही, हे ओघात नमूद केल्यावाचून राहवत नाही. शिवाय मिंक, कोल्हा व चिंचिला यांच्या कातड्यांची आयात भारत सरकारने २०१७ पासून निषिद्ध ठरविली आहे. तेव्हा गावाकडील आप्तांस भेट म्हणून एखादे कातडे बॅगेत घालून नेण्याचा मोह कोणी धरू नये.

आता इतिहासाकडे क्षणभर वळतो, आणि तेही एवढ्याचसाठी की आजचे नियम जे आहेत ते तसे का आहेत, हे त्यावाचून उमगत नाही. १६७० साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने हडसन बे कंपनीस सनद दिली तेव्हा युरोपातील प्रतिष्ठितांच्या मस्तकी बीव्हरच्या नमद्याची टोपी असे. त्या प्राण्याच्या राठ केसांखालील मऊ लवेला सूक्ष्म काटे असल्यामुळे ती एकमेकांत गुंतून तिचा घट्ट नमदा बनतो, आणि या एका गुणापायी एका अवाढव्य खंडाचा व्यापार उभा राहिला. कंपनीच्या ठाण्यांवर उत्तम बीव्हरचे एक कातडे हेच चलनाचे परिमाण मानून कुऱ्हाडी, कांबळी, किटल्या यांचे भाव ठरत असत. पुढे रेशमी टोप्यांची चाल पडली, तरी फासेकऱ्यांचा हव्यास ओसरला नाही. आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत विस्तीर्ण प्रदेशांतून बीव्हर जवळजवळ नामशेष झाला. ज्या मूळनिवासी जमातींचे अन्न आणि वस्त्र त्यावर अवलंबून होते त्यांची यात उपासमार झाली. त्यानंतर शिकारबंदी, राखीव क्षेत्रे, आणि सरकारी जमिनीची फरसापळ्यांच्या नोंदणीकृत पट्ट्यांत वाटणी हे उपाय योजण्यात आले. ज्या पट्ट्यात आपणांसच वर्षानुवर्षे सापळे लावावयाचे आहेत तो पट्टा मनुष्य सहसा ओरबाडीत नाही, या साध्या मनुष्यस्वभावावर ती सारी व्यवस्था आधारलेली आहे, आणि बीव्हर आज पुन्हा विपुल दिसतो याचे बरेचसे श्रेय तिच्याकडे जाते.

या व्यवस्थेत प्रवेश करावयाचा तर पहिले पाऊल अरण्यात नव्हे, दफ्तरात पडते. ऑन्टारिओत मत्स्य व वन्यजीव संवर्धनाचा १९९७ चा कायदा लागू असून, त्याखालील सापळ्याचा परवाना मिळविण्यापूर्वी फरसंकलन, फरव्यवस्थापन आणि संवर्धन या विषयांचा विहित अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. परवाना मिळण्यास रहिवासाची अट असल्याने, आपल्या सांप्रतच्या दर्जावर तो मिळण्याजोगा आहे किंवा कसे, याची चौकशी अभ्यासक्रमाची फी भरण्यापूर्वी करावी. हा अभ्यासक्रम म्हणजे कसाबसा उरकण्याचा सोपस्कार नव्हे. त्यात शिकविणारे बहुधा स्वतः जुने फासेकरी असतात. त्यांच्या हाताखाली कातडे सोलण्याची जी ओळख होते ती कोणत्याही पुस्तकाने, आणि अर्थात या लेखानेही, होणार नाही.

दुसरा प्रश्न जमिनीचा. प्रांताची सुमारे ८७ टक्के भूमी सरकारी मालकीची आहे हे ऐकून नवशिक्याचा उत्साह वाढतो, परंतु तीवरील नोंदणीकृत पट्टे एकेका परवानाधारकाकडे असतात आणि चांगला पट्टा मोकळा होण्याची वाट दीर्घकाळ पाहावी लागते. म्हणून पहिली काही वर्षे खाजगी जमीनमालकाची लेखी संमती घेऊन त्याच्या शेतातील ओढ्यावर काम करावे, अथवा एखाद्या पट्टेदाराचा मदतनीस म्हणून रीतसर परवाना काढून त्याच्या मागोमाग चालावे. माझ्या मते दुसरा मार्ग पहिल्याहून पुष्कळ श्रेयस्कर आहे. बीव्हर, मार्टेन, फिशर, लिंक्स अशा प्राण्यांची मर्यादित संख्याच घेण्याची मुभा असते आणि ती पट्ट्यागणिक ठरते. तिचा हिशेब कसा ठेवावा हे अनुभवी माणसाच्या वहीतूनच समजते. आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. या मुलखात क्री व अनिशिनाबे या मूळनिवासी लोकांचे शिकारीचे व सापळ्याचे हक्क १८५० चे रॉबिन्सन करार, १९०५ चा नववा करार यांसारख्या दस्तऐवजांत नमूद आहेत. ते कोणी मेहरबानीने दिलेले नाहीत. आपण ज्या ओढ्याकाठी पाऊल ठेवतो तेथे त्यांची वहिवाट आपल्या परवान्याहून कितीतरी पुरातन आहे, हे ध्यानी ठेवून शेजारधर्म पाळावा.

प्राण्याची निवड करताना मानाहून शहाणपणाला महत्त्व द्यावे. लिंक्स व पाणमांजर यांची कातडी देखणी खरी, पण ती परदेशी पाठविण्यास आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराखालील परवाने लागतात. लिंक्सची संख्या तर सशांच्या संख्येमागोमाग सुमारे दहा वर्षांच्या चक्राने चढते आणि कोसळते. हे चक्र हडसन बे कंपनीच्या जुन्या जमाखर्चातूनच शास्त्रज्ञांच्या ध्यानी आले, हा त्या व्यापारी दप्तराने विज्ञानावर नकळत केलेला उपकार होय. मार्टेन आमिषाला इतक्या निःशंकपणे सामोरा येतो, की अननुभवी माणसाच्या हातून त्याचा पट्टा एका हिवाळ्यात रिता होऊ शकतो. याउलट मस्करॅट हा पाणथळीतील उंदीरवर्गीय प्राणी वर्षातून एकाहून अधिक वेळा वितो, त्याची संख्या झपाट्याने भरून येते, त्याचे कातडे लहान व सोलण्यास सोपे असते, आणि हात बिघडला तरी नुकसान मोजक्या डॉलरांचे होते. विद्यार्थ्याने धुळाक्षरे येथेच गिरवावी. त्यानंतर बीव्हर.

बीव्हरची वस्ती ओळखणे हे खरोखर निरीक्षणाचे काम आहे आणि ते बर्फ पडण्याच्या आधी, शरद ऋतूतच केले पाहिजे. फांद्या आणि चिखल यांचा ढीग दिसला म्हणजे आत कुटुंब आहेच असे नव्हे. जुनी ओसाड घरे वर्षानुवर्षे उभी राहतात. घराशेजारी पाण्यात ताज्या तोडलेल्या फांद्यांची बेगमी रचलेली असेल, बांधावर नवा चिखल लिंपलेला असेल, काठच्या झाडांचे दंतक्षत अजून पांढरे असेल, तर वस्ती जागती समजावी. हिवाळ्यात घराच्या माथ्यावरील श्वासरंध्राभोवती तुषार गोठून पांढरी कडी धरलेली दिसते, तीही जागतेपणाची खूण. एका घरात एक जोडपे आणि त्यांची दोन पिढ्यांची पिले नांदत असतात. ते अख्खे घर एका दमात रिकामे करणारा मनुष्य आपल्याच पुढील वर्षाच्या उत्पन्नावर नांगर फिरवितो.

सापळ्यांविषयी फार लिहिणे मला अप्रस्तुत वाटते, कारण तो भाग हाती घेऊनच शिकावयाचा आहे. इतके मात्र सांगतो, की चित्रांतून आपणांस परिचित असलेला दातेरी जबड्याचा लोखंडी चाप आजच्या कायदेशीर उद्योगाचे प्रतीक राहिलेला नाही. फ्रँक कॉनिबेअर या, स्वतः कॅनडाच्या वायव्य प्रदेशात वर्षानुवर्षे फासे लावलेल्या गृहस्थाने, पकडलेल्या प्राण्यांचे हाल पाहून १९५० च्या दशकात एक चौकटी सापळा सिद्ध केला; त्यात प्राणी मान अथवा छाती यांवर बसणाऱ्या आघाताने मरतो, पाय अडकून तळमळत राहत नाही. लहान आकाराचा ११० क्रमांकाचा सापळा मस्करॅट व मिंक यांस, १२० क्रमांकाचा मार्टेनला, आणि ३३० क्रमांकाचा बीव्हरला योजतात. कॅनडा, रशिया व युरोपीय समुदाय यांच्यात १९९७ साली सापळ्यांच्या मानवी कसोट्यांबद्दल करार झाला. त्यानुसार मारक सापळ्याच्या चाचणीत किमान ८० टक्के प्राणी ठराविक मुदतीत बेशुद्ध व्हावे लागतात, आणि ती मुदत अर्मिनला ४५ सेकंद, मार्टेनला १२०, व बीव्हरसारख्या प्राण्यांना ३०० सेकंद अशी आहे. हे आकडे वाचून अंगावर काटा येतो. येणेच योग्य आहे. ज्याच्या अंगावर तो येत नाही त्याने या वाटेस जाऊ नये, असे मी निःसंकोच म्हणेन. करारात उत्तीर्ण ठरलेल्या सापळ्यांची यादी प्रसिद्ध आहे. तीबाहेरील सापळा स्वस्तात मिळतो म्हणून उचलू नये. जिवंत धरणारे सापळे रोज तपासावे, आणि पायवाटेजवळ, जेथे लोक कुत्री फिरवितात, तेथे कोणताच सापळा मांडू नये.

मोठा सापळा माणसाचाही हात धरतो. ३३० क्रमांकाच्या स्प्रिंगा हाताने दाबण्याचे धाडस न करता लांब दांड्याचे साधन वापरावे, सुरक्षेची कडी सर्वांत शेवटी काढावी, आणि हात अडकलाच तर एका हाताने व पायाने स्प्रिंग दाबून सोडविण्यासाठी दोरीचा तुकडा नेहमी खिशात असू द्यावा. तथापि या व्यवसायात जीव जातो तो बहुधा सापळ्याने नव्हे, बर्फाने. एकट्या माणसाला चालण्यास स्वच्छ, निळसर बर्फ निदान १० सेंटिमीटर जाड हवे. पांढरे, हवेने भरलेले बर्फ त्याच्या निम्म्या बळाचे समजावे. आणि दैवाचा विनोद असा की, बीव्हर ज्या वाटेने नित्य पोहतो तेथेच त्याच्या उच्छ्वासाचे बुडबुडे व हालचालीने ढवळलेले पाणी बर्फ पातळ ठेवते. म्हणजे ज्या जागी आपणांस जावयाचे, नेमकी तीच जागा फसवी. काठीने ठोकत, सोबती मागे ठेवून, आणि पाण्यातून वर येण्यासाठी गळ्यात अणकुचीदार खुंट्यांची जोडी अडकवून मगच पुढे सरकावे.

येथवर जे सांगितले तो व्यवसायाचा आरंभ. नवशिक्याची समजूत अशी असते की प्राणी हाती लागला म्हणजे काम झाले. वास्तविक किंमत ठरते ती त्यानंतर, चाकूच्या धारेवर आणि वाळवणाच्या फळीवर. एकाच तळ्यातले, एकाच आठवड्यात धरलेले दोन बीव्हर दोन घरी जाऊन लिलावात दुपटीच्या फरकाने विकले जातात, आणि हा फरक सर्वस्वी हाताचा असतो. म्हणून या भागावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे.

प्रथम ऋतू. फर पूर्ण पक्व होते ती थंडी मुरल्यावर. कच्च्या वेळी धरलेल्या प्राण्याच्या कातड्याची आतील बाजू निळसर काळी दिसते, पक्व कातड्याची मलईसारखी पांढरी. घाईने, हंगाम उघडताच, भरभरून सापळे लावणारा मनुष्य बहुधा निळी कातडी गोळा करतो आणि मग बाजाराला बोल लावतो. प्राणी घरी आणल्यावर सोलण्याआधी त्याचे अंग कोरडे करून चिखल, गोखरू, काटे विंचरून काढावे. रक्ताचे डाग थंड पाण्याने धुवावे, ऊन पाण्याने नव्हे. हातमोजे अवश्य. मस्करॅट व बीव्हर यांपासून ट्युलरेमिया नावाचा ताप माणसास जडू शकतो, आणि रॅकून व कोल्हा यांच्या लाळेत पिसाळाचे विष असू शकते.

सोलण्याच्या दोन रीती आहेत. बीव्हरचे पोट हनुवटीपासून शेपटीच्या मुळापर्यंत उभे चिरून कातडे सपाट उघडतात. बाकीचे बहुतेक प्राणी एका मागील पायापासून दुसऱ्या मागील पायापर्यंत चिरून, कातडे नळीसारखे उलटवीत डोक्याकडे ओढून काढतात. पोट व पाठ यांचे रंग जेथे मिळतात त्या रेषेवर चीर गेली पाहिजे, एक बोटही इकडेतिकडे नाही. कान, डोळे, ओठ यांच्याभोवती चाकू हलका चालवावा. मग तुळईवर कातडे पसरून बोथट पात्याने चरबी आणि मांस खरवडून काढणे हे काम येते. रॅकूनच्या मानेवरची चरबी हट्टी, बीव्हरचे पापुद्रे चिवट. थोडी चरबी राहिली तर ती वाळताना कातड्यात मुरून ते जाळते. पाते जोरात बसले तर केसांची मुळे तुटून फर गळते. या दोन संकटांमधील वाट अरुंद आहे, आणि ती हाताला सापडेपर्यंत दहापाच मस्करॅट खराब होणारच, त्याचा खेद करू नये.

त्यानंतर ताणणे. बीव्हर फळीवर लंबवर्तुळाकार ताणून खिळ्यांनी ठोकतात. त्याची लांबी आणि रुंदी इंचांत मोजून बेरजेवरून आकार ठरत असल्याने कातडे ओढून लांबविण्याचा मोह होतो, पण अति ताणलेल्या कातड्याची फर विरळ दिसते आणि आकारात मिळविलेले प्रतीत गमावले जाते. मस्करॅट, मिंक, पाणमांजर यांची नळी केस आत ठेवून वाळवितात; कोल्हा, कोयोट, मार्टेन, लिंक्स यांची आधी केस आत ठेवून, कातडे किंचित चिकट होताच उलटून, केस बाहेर ठेवून. या उलटविण्याच्या वेळेची चूक फार महाग पडते, कारण उशीर झाला तर कडक झालेले कातडे फाटते. वाळवण्याची खोली थंड, कोरडी व वाहत्या हवेची असावी. चुलीजवळ अथवा भट्टीजवळ ठेवलेले कातडे वरून वाळते आणि आतून नासते. मीठ लावू नये, लिलावगृहात ते चालत नाही. वेळ नसेल तर सोललेले कातडे गुंडाळून पिशवीत घालून गोठवावे, परंतु गुंडाळताना फर कातड्याच्या आतील बाजूस लागू देऊ नये. वाळलेली कातडी प्लास्टिकमध्ये न कोंबता गोणपाटात सपाट भरावी.

विक्रीचा मुख्य मार्ग म्हणजे लिलाव, आणि उत्तर अमेरिकेत रानटी फरीचा मोठा लिलाव आज नॉर्थ बे येथील फर हार्वेस्टर्स ऑक्शन या फासेकऱ्यांच्याच संस्थेत होतो. टोरोंटोकडील दुसरी प्रचंड कंपनी, नॉर्थ अमेरिकन फर ऑक्शन्स, २०१९ साली धनकोंपासून संरक्षण मागण्याच्या अवस्थेस पोहोचली; तेव्हा आपला सगळा माल एकाच दलालाच्या कोठारात ठेवण्यातील धोका साऱ्यांस कळून चुकला. कोल्हापूरच्या बाजारात गुळाचे सौदे ज्यांनी पाहिले आहेत त्यांस ही पद्धत परकी वाटणार नाही: माल संस्थेकडे पाठवावा, तेथील पारखी आकार, रंग, पक्वता आणि इजा यांवरून तो प्रतवार लावून इतरांच्या मालाबरोबर जुळीत बांधतात, खरेदीदार नमुना पाहून बोली लावतात, आणि आडत व सरकारी स्वामित्वधन वजा जाऊन पैसे यथावकाश येतात. न विकला गेलेला माल पुढील लिलावास शिल्लक राहतो. रोकड तत्काळ हवी असल्यास परवानाधारक फर-व्यापाऱ्यास माल देता येतो. भाव कमी मिळतो, पण वाट पाहावी लागत नाही. बीव्हरच्या शेपटीपाशी असणाऱ्या दोन ग्रंथी, ज्यांतून कॅस्टोरियम नावाचे सुगंधी द्रव्य निघते, त्या टाकून न देता जपून वाळवाव्या. त्यांस स्वतंत्र गिऱ्हाईक असते.

आता उत्पन्नाविषयी स्पष्ट बोलतो. बाजार फॅशनचा गुलाम आहे. कॅनडा गूज या प्रसिद्ध कंपनीच्या कोटांच्या टोपीला कोयोटची झालर असे तोवर कोयोटला मोल होते. त्या कंपनीने २०२१ साली फर वापरणे थांबविण्याचे जाहीर केले. कॅलिफोर्नियाने २०१९ साली सापळेही बंद केले आणि नव्या फरीच्या विक्रीवरही बंदीचा कायदा केला, इस्रायलने २०२१ साली फॅशनसाठी फरविक्री मना केली. आणि १६७० ची सनद मिरविणारी ती हडसन बे कंपनी स्वतः २०२५ साली आपली सारी दुकाने मिटवून बसली. अशा काळात कोणी या धंद्यावर संसार चालविण्याचा बेत करीत असेल तर त्यास माझा निक्षून नकार आहे. सापळे, बर्फावरील वाहन, पेट्रोल, फळ्या, परवाने यांचा खर्च पहिल्या हिवाळ्यात उत्पन्नाहून अधिक होतो हे धरूनच चालावे. ज्याला खरोखर चार पैसे दिसावेत असे वाटते त्याने नगरपालिकांच्या व शेतकऱ्यांच्या तक्रारींकडे लक्ष द्यावे: बीव्हरच्या बांधांमुळे रस्त्याखालच्या मोऱ्या तुंबतात, शेते बुडतात, आणि तो उपद्रव दूर करणाऱ्या परवानाधारकास पुष्कळ ठिकाणी मजुरी मिळते. ती मजुरी कातड्याच्या भावावर अवलंबून नसते.

हंगाम बहुतेक प्राण्यांसाठी शरदाच्या उत्तरार्धात उघडतो, आणि अभ्यासक्रम, परीक्षा, परवाना, जमीनमालकाची चिठ्ठी ही सारी पायरी पायरीने मिळावयाची असल्याने सप्टेंबरात जागा झालेला मनुष्य त्या वर्षी कोरडाच राहतो. यंदाच्या हिवाळ्यात उतरण्याचा ज्यांचा विचार असेल त्यांनी जूनपूर्वीच परवाना-कचेरीत अर्ज करावा, आणि सापळे विकत घेण्याआधी एक उत्तम खरवडण्याचे पाते व दोन फळ्या घ्याव्या.